डाक्टरीणबाईचा सुभेदार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सुभेदाराची नखं काढणं. चैत्रातली संध्याकाळ होती. वखारीचा दरवाजा मी नुकताच लावून आलो होतो आणि ती खोलीच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसली होती. सुभेदार म्हणजे आमचा म्हातारा बोका. मी त्याला मांडीत धरायचं आणि तिनं नखं काढायची अशी वाटणी ठरलेली. म्हाताऱ्या मांजराची नखं झिजत नाहीत. ती वाढतात, वळतात आणि पंजाच्या गादीत रुततात. हे मला तिनंच सांगितलेलं. पहिल्याच नखाला बोक्यानं माझ्या मनगटावर ओरखडा काढला. मी शिवी हासडली.

"आवं, त्याला शिव्या कशाला?" ती म्हणाली. "तुमची दाढ काढली तवा तुमी डाक्टरचं बोट चावलं हुतं. त्यानं दिली व्हती का शिवी?"

ते खरं होतं, म्हणून मी बोक्याला पुन्हा नीट धरलं. तिनं चारी पंजे पुरे केले, बोक्याला सोडलं आणि माझ्या मनगटावर चिमूटभर हळद दाबली.

ती माझी बायको. आळीत तिला तिच्या नावानं कुणी हाक मारत नसे. तिचं नाव पडलं होतं डाक्टरीणबाई. आधी ते चेष्टेनं पडलं, मग तसंच राहिलं. मीही तेच म्हणायचो. ती शाळेची पायरी चढली नव्हती. तिच्यापाशी झाडपाला नव्हता, मंतर नव्हता, गोळ्या नव्हत्या. एवढंच होतं, की म्हाताऱ्या मांजराला काहीतरी होतंय हे तिला सगळ्यांच्या आधी दिसायचं. का दिसायचं? ती बघायची म्हणून. बाकी कुणी बघत नव्हतं. यात जादू काही नाही.

मी साताऱ्याकडच्या गावचा. आमच्याकडं घरटी एक माणूस पलटणीत. मीही गेलो, राबलो, पेन्शनीवर आलो आणि भावांच्या उसात लुडबूड नको म्हणून सांगलीत गुळाच्या एका वखारीवर राखणदार झालो. वखारीला लागून आम्हांला एक खोली होती. वखारीचे मालक आण्णा. जातीनं जैन, मनानं मऊ. गुळाला उंदीर लागतोच, पण आण्णा विषाची गोळी ठेवू द्यायचे नाहीत. म्हणून मग मांजरं पाळलेली. दिवसभर ढेपांच्या थप्पीवर लोळायची, अंधार पडला की कामाला लागायची.

मांजर म्हातारं झालं, उंदीर धरेना, की मुकादम त्याला पोत्यात घालायचा आणि पूल ओलांडून पलीकडच्या उसात सोडून यायचा. आण्णांच्या मनात पाप नव्हतं. मारायचं नाही, सोडून द्यायचं, यातच त्यांना दया वाटायची. आम्ही नवीनच आलो होतो तेव्हा. मुकादम पोतं खांद्यावर टाकून निघाला आणि पोतं ओरडत होतं. ही भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली.

"आण्णा, काय झालंय त्याला?"

"काय हुणार, बाई? म्हातारं झालंय. पलीकडं सोडाय लावलंय. मारत न्हाई आमी."

"पलीकडं त्याला उंदीर कोन धरून देणार हाय?"

आण्णा हसले. त्यांना वाटलं बाई गमतीची आहे. मग ती म्हणाली, "सोडलं म्हंजे मारलंच की, आण्णा. फकस्त मरताना आपुन बघाय नसतो."

मला वाटलं, गेली नोकरी. आण्णा बराच वेळ पानाला चुना लावत राहिले. चुना लावून झाला तरी लावतच राहिले. मग मुकादमाला म्हणाले, "ठेव रं ते पोतं खाली. आजपासनं वखारीची म्हातारी मांजरं ह्या बाईंची." मला कुणी विचारलं नाही. तसं मला कशातच कुणी विचारत नव्हतं.

तेव्हापासून आमची खोली म्हणजे पेन्शनरांची बराक झाली. पलटणीतून निघालेला मी, आणि वखारीतून निघालेली मांजरं. मी म्हणायचो, "डाक्टरीणबाई, ह्यांना पेन्शन कोन देणार?" ती म्हणायची, "तुमाला कोन भाकरी देतं? तीच देणार."

भाकऱ्या झाल्या की तिचा एक नेम असायचा. हात धुऊन, पुसून, जवळ येईल त्या मांजराच्या पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत एकदाच हात फिरवायचा. लाड नव्हते ते. परेडला आमचा हवालदार बंदुकीवरून हात फिरवायचा तसा तो हात फिरायचा. कणा टोचतोय का, बरगडी लागते का, कुठं हात लागला की अंग चोरतंय का, केसांच्या गुठळ्या झाल्यात का, सगळं त्या एका हातात. "जीभ फिरवायचं बंद केलंय ह्यानं," ती म्हणायची. "मांजर आपलं अंग चाटंना झालं की समजायचं, कुठंतरी दुखतंय आन् वळाय येत न्हाई." मी म्हणायचो, खातंय तर भरपूर. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "ताटलीत बगू नका, पाठीवर बगा. खाऊन खाऊन वाळणारं मांजर लय वाईट."

तिला राग यायचा तो एका शब्दाचा. म्हातारं झालंय. मुकादम म्हणो, आण्णा म्हणोत, मी म्हणो, ती उखडायची. "म्हातारपण हे काय दुखणं हाय व्हय? म्हातारं झालंय म्हटलं की तुमी सुटला. मग बघायचं कारन न्हाई." आणि दुसरं तिचं म्हणणं असं, की माणूस कण्हतं, कुत्रं केकाटतं, पण मांजर दुखणं लपवतं. "ते सांगणार न्हाई. आपुन हुडकायचं."

सुभेदार हा वखारीचा पहिलवान. तांबडा, रुंद तोंडाचा, आणि मिशा अशा की मी पलटणीत असतो तर सलाम ठोकला असता. नाव मीच ठेवलं. सगळ्यांत उंच थप्पीवर त्याची जागा. एका उडीत वर. एके दिवशी तो खालीच बसलेला दिसला. मुकादम म्हणाला, "सुभेदारबी खपलं. म्हातारं झालं." ही सूप घेऊन आली. दारात बसून गहू निवडत त्याच्याकडं बघत राहिली. संध्याकाळी मला म्हणाली, "वर बगतंय, पुढचं पाय उचलतंय, आन् परत खाली बसतंय. जायचं हाय त्याला. कंबर देत न्हाई." आण्णांना विचारून तिनं थप्पीच्या कडेला रिकाम्या खोक्यांची पायरी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी सुभेदार हळूहळू चढून आपल्या जागी जाऊन बसले. आण्णांनी खालून हात जोडले. "रामराम, सुभेदार," म्हणाले. त्या दिवसापासून आण्णांची तिच्याशी बोलायची तऱ्हा बदलली. ते काहीही झालं की विचारायला लागले, "बाईंना दाखिवलं का?"

मग वर्षा-दीड वर्षानं सुभेदार घास तोंडातून खाली पाडू लागला. भुकेनं ताटलीपाशी यायचा, एक घास घ्यायचा, डोकं वाकडं करायचा आणि घास खाली. तिनं त्याचा जबडा बोटानं उघडून वास घेतला आणि तोंड फिरवलं. "दात सडलाय," म्हणाली. "दवाखान्यात न्यायचं."

मांजराला दवाखान्यात नेतात हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. जनावरांचा दवाखाना म्हणजे बैलांचा, म्हशींचा. मी पोतं आणायला उठलो, तर ती केवढ्यांदा ओरडली! "पोतं न्हाई! वखारीतलं मांजर हाय ते. पोत्याला वळखतं." शेवटी कोंबड्या झाकायच्या डालग्यात त्याला ठेवलं, वर तिचं जुनं लुगडं बांधलं आणि टांग्यानं निघालो. टांगेवाला म्हणाला, "मामा, कोंबडी लय मोठी दिसतीया." आतून सुभेदारानं उत्तर दिलं तेव्हा त्याचा घोडा बुजला.

दवाखान्यात आमच्यापुढं एक खोंड होता, मागं दोन शेळ्या. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. हसला नाही. दात काढला, पोट दाबून बघितलं आणि तिलाच विचारलं, "पाणी किती पितो?" ती म्हणाली, "लय पितोय, सायेब. मला वाटलं उन्हाळा हाय म्हणून." ही एकच गोष्ट तिच्या नजरेतून निसटली होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मूत्रपिंडं थकलीत. पाणी अंगात ठरत नाही, म्हणून पितो. बरं होणार नाही, पण सांभाळलंत तर जगेल. सुकट बंद, मीठ बंद, अन्न मऊ. आणि पाणी कधी कमी पडू द्यायचं नाही.

परत येताना टांग्यात तिनं डालगं मांडीवर घेतलं होतं. पूल दिसायला लागला तेव्हा बोलली. तिचं माहेर आटपाडीकडचं. तिकडं पाण्याची काय तऱ्हा ते सांगायला नको. मैलभरावरनं घागर आणायची. ती परकरी पोर असताना घरात एक म्हातारी मांजरी होती. ती मांजरी पाणी पिऊ लागली. घागरीत तोंड घाली, कळशी लवंडी. तिच्या बापानं पाण्यावर झाकण घातलं आणि हिला राखणीला बसवलं.

"मला वाटायचं, चोर हाय," ती म्हणाली. "येत हुती, माझ्याकडं बगत हुती, वरडत हुती. मी झाकणावर हात ठिवून बसले हुते. लय इमानानं बसले. घागरीला टेकूनच मेली ती."

एवढं बोलून तिनं डालग्यावरचं लुगडं नीट केलं. लग्नाला एवढी वर्षं झाली होती आमच्या, तरी हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मग मला कळलं, ही बाई एवढं का बघते.

त्यानंतर खोलीत जिकडं तिकडं पाण्याच्या वाट्या. खाटेखाली वाटी, चुलीमागं वाटी, दाराआड वाटी. मी पाय ठेवीन तिथं पाय भिजायचा. "ही खोली हाय का घाट?" असं मी म्हणायचो. ती म्हणायची, "वाटी सांडली तर भरा. बोलू नका." सुभेदाराचं जेवण म्हणजे भाकरी दुधात कुस्करून, अळणी, आणि कोमट. कोमट पाहिजेच. "गार अन्नाचा त्याला वास येत न्हाई आता. वास आला न्हाई तर मांजर खात न्हाई. आन् म्हातारं मांजर एक दिवस उपाशी ऱ्हायलं की ते परत उठत न्हाई." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की मला ते पलटणीतल्या हुकमासारखं पाठ झालं.

आता तिचं सांगतो. गेल्याच्या गेल्या वर्षी, पावसाळा सरताना, मला दिसलं की ती पाणी भरून आली की उंबऱ्यावर टेकते. आधी टेकत नव्हती. मग दिसलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकतायत आणि पायाला मात्र जोडवी रुतलीत. रात्री दोन उशा घ्यायला लागली. चार दिवस बघत राहिलो, तिच्यासारखाच. मग एकदा भाकऱ्या झाल्यावर मी म्हणालो, "डाक्टरीणबाई, इकडं या. पाठ करा."

"आवं, काय चाललंय?" म्हणत ती हसली. मी पाठीवरून हात फिरवला. कणा लागला.

"म्हातारी झाले मी," ती म्हणाली.

"म्हातारपण हे काय दुखणं हाय व्हय?" मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघतच राहिली. "माझीच इद्या माझ्यावर व्हय?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. त्याच टांग्यानं नेलं. टांगेवाल्यानं विचारलं, "मामा, आज कोंबडी न्हाई का?" ती म्हणाली, "आज कोंबडी मीच."

काळीज मोठं झालंय, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर येऊन ती म्हणाली, "मोठं झालंय म्हणं. आदी काय ल्हान हुतं व्हय?" गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं. पायाची सूज उतरली, झोप लागायला लागली. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर मला म्हणाले. मी म्हणालो, मी नाही आणलं, तिनंच शिकवलं होतं. त्यांना काही कळलं नाही.

तेव्हापासून घरात दोन अळणी आणि एक खारट अशी पंगत बसायची. ती आणि सुभेदार समोरासमोर. मी मीठ खायचो. तिला बरं वाटावं म्हणून मी अळणी खाल्लं असं सांगितलं तर ते खोटं होईल. ती आपली ताटली बोक्याकडं सरकवून म्हणायची, "चव हाय का वो सुभेदार?" बोक्याला ती अहोजाहो करायची. मला म्हणायची, "तुमास्नी करते ती रीत म्हणून. त्यांना करते ते मनानं." आणि तोंडाला पदर लावून हसायची.

त्या हिवाळ्यात तिनं एकदाच विषय काढला. लेक कवठे महांकाळला दिलेली, ती आपल्या घरी सुखी होती. पैशाची, सोन्याची काही बोलणी नव्हती. ती म्हणाली, "माज्यामागं सुभेदारांना पोत्यात घालू नका."

मी म्हणालो, "तुझ्यामागं मलाच कुणी पोत्यात घातलं तर?"

"तुमाला कोन उचलतंय? वजन किती तुमचं!" मग हसू संपलं आणि ती म्हणाली, "आवं, तुमी चांगलं हाय. पर तुमी दुखात असला की तुमाला दुसरं काय दिसत न्हाई. गावाकडं तुमचा भाऊ गेला तवा दोन दिस म्हशीला पाणी न्हवतं. म्हणून सांगते. तेवढं हुडकत जावा."

आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला घोर नको. सुभेदार तिच्यामागं पावसाळाभर जगला आणि दसऱ्याच्या सुमारास माझ्या मांडीवर गेला, दिवसाढवळ्या, ऊन अंगावर घेत. आण्णांनी त्याला वखारीच्या मागं, सीताफळाच्या झाडाखाली जागा दिली. पोतं वापरलं नाही. तिच्या लुगड्यात ठेवला.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

नखं काढली त्या संध्याकाळी तिनं सुभेदाराची वाटी कोमट करून त्याच्यापुढं ठेवली, माझं ताट वाढलं, आणि पाठ दुखते म्हणून लवकर आडवी झाली. पहाटे मी उठलो. रोज ती माझ्या आधी उठायची. चूल थंड होती. मी हाक मारली, मग हात लावला. एवढंच. तोंडावर त्रास नव्हता.

उजाडेपर्यंत आळी जमली. आण्णा अनवाणी आले आणि माझ्याजवळ गुळाच्या खोक्यावर बसले. लेकीकडं माणूस धाडला होता. ती एसटीनं यायची, तोवर न्यायचं नाही असं ठरलं. रीतीप्रमाणं घरातली चूल पेटवायची नव्हती. अंगणात तीन दगड मांडून शेजारच्या गंगाक्कांनी तिच्या आंघोळीचं पाणी तापत ठेवलं. बायका आत रडत होत्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि खरं सांगतो, मला काही दिसत नव्हतं. ती म्हणाली होती तसंच.

ऊन पायावर आलं तेव्हा ध्यानात आलं, सुभेदार नाही.

थप्पीवर नव्हता. खाटेखाली नव्हता. इतकी माणसं बघून तो दडला असणार. मी उठून आत गेलो. बायकांना वाटलं मी तिच्यापाशी चाललोय, त्यांनी वाट दिली. मी जमिनीवर पालथा पडलो आणि माझ्या पलटणीच्या ट्रंकेमागं बघितलं. तिथं होता. अंगाचं मुटकुळं करून, तोंड भिंतीकडं. समोर कालची वाटी, अर्धी तशीच.

मी ती वाटी घेतली, धुतली. फडक्यात कालची भाकरी होती, ती कुस्करली, दूध ओतलं. बाहेर येऊन तीन दगडांच्या कडेला, निखाऱ्यापाशी वाटी ठेवली.

"आवं भावजी!" गंगाक्का ओरडल्या. "ह्या चुलीवर खायचं ठिवत्यात व्हय? कुठली चूल हाय ती?"

"कोमट करायचंय," मी म्हणालो.

"शुद्धीवर हाय का तुमी? काढा ती वाटी."

दोन-चार माणसं पुढं आली. कुणीतरी माझा दंड धरला. आण्णा खोक्यावरून उठले. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तिचंच काम हाय ते. तिच्याच चुलीवर हुतंय." मग त्यांनी स्वतः वाकून काटकीनं एक निखारा वाटीपाशी सारला.

मी बोट बुडवून बघितलं. पुरेसं झाल्यावर वाटी उचलली, आत गेलो आणि पुन्हा ट्रंकेपाशी पालथा पडलो. मागं रडणं थांबलं होतं. वाटी मी हळूच आत सरकवली. बराच वेळ काही नाही. मग त्याचं नाक हललं. तोंड वळलं. मी हात लांब करून मानेपासून शेपटीपर्यंत एकदा फिरवला. कणा लागत होता, पण कालच्याइतकाच. तो खायला लागला. मी जिभेचा आवाज ऐकत तसाच पडून राहिलो. वाटी पुरी रिकामी होईपर्यंत उठलो नाही.

मग दाराआडची पाण्याची वाटी भरली, बाहेर आलो आणि गंगाक्कांना म्हणालो, "आता तिचं पाणी घ्या आत."